आत पाहायचे म्हणजे नेमके करायचे काय?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी मनाच्या स्वस्थतेविषयी आहेत आणि त्यांतली बहुतेक यवतमाळ, वर्धा, वाशीम, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या खेड्यांतून आली आहेत. सोयाबीन निघून गेले आहे, कापसाची वेचणी चालू आहे, भावाचा नेम नाही आणि दिवाळीचा खर्च होऊन गेला आहे. अशा दिवसांत हा विषय निघावा यात नवल नाही. त्यांतली पाच पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत आणि लांब पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : ताई, माझी सहा एकर शेती आहे. त्यातली दोन एकर विहिरीच्या ओलिताची, बाकी कोरडवाहू. सध्या रात्रीची वीज असल्यामुळे हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री वावरात जावे लागते. ज्या रात्री जायचे नसते त्या रात्रीही दोन-अडीचला जाग येते आणि मग डोक्यात तेच ते फिरत राहते : सोसायटीचे कर्ज, कृषी केंद्राची उधारी, मुलीची फी, आणि चुलतभावाने यंदा नांगरताना माझ्या बाजूला दोन तास (नांगराच्या रेघा) सरकवलेला धुरा, म्हणजे बांध. एकाने सांगितले, डोळे मिटून बसा, मन शांत होईल. बसून पाहिले. विचार कमी न होता वाढले. माझे काय चुकते आहे?
— शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचे फारसे काही चुकलेले नाही; चुकले असेल तर तुम्हाला मिळालेल्या सल्ल्याचे. दिवसभर तुम्ही वेचणीच्या मजुरांमागे, मोटरच्या आवाजात आणि माणसांच्या बोलण्यात असता, तेव्हाही हे सगळे विचार चालूच असतात, फक्त ते ऐकू येत नाहीत. हातातले काम थांबवून बसलात की ते ऐकू येऊ लागतात आणि बसल्यामुळेच ते वाढले असे वाटते. त्यात ‘विचार येता कामा नयेत’ असा हुकूम सोडला की त्यांना आणखी बळ येते. वैद्याने पुडी देताना ‘ही घेताना माकड मनात आणू नका’ असे बजावले आणि त्यानंतर रोग्याला पुडी हाती घेतली की माकडच दिसू लागले, ही गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात हेच निराळ्या रीतीने दाखवले. विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास आणि तरीही तो आलाच तर घंटी वाजवण्यास सांगितले, तेव्हा घंटी वाजतच राहिली. आणि पुढे त्यांना विचार करण्याची मोकळीक दिली, तेव्हा ज्यांनी तो आधी दडपला नव्हता त्यांच्यापेक्षाही यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाची तक्रारही हीच आहे, की मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण आहे, आणि श्रीकृष्ण ती तक्रार खोडून काढत नाहीत; मन चंचल आहे हे मान्य करूनच ते अभ्यासाचा आणि वैराग्याचा उपाय सांगतात.

तेव्हा आत पाहणे म्हणजे विचार थांबवणे नव्हे. माझ्या मते, प्रत्यक्ष जे घडले ते आणि मनाने त्याला जे जोडले ते, ही दोन्ही वेगवेगळी निवडून काढणे म्हणजे आत पाहणे. शांतता मिळाली तर ती या निवडीच्या मागून येते, आधी येत नाही. धुऱ्याचेच घ्या. घडले ते एवढेच, की चुलतभावाने नांगरताना दोन तास तुमच्या वावरात घातले. त्यानंतर रात्री डोक्यात जे चालते, म्हणजे तो दरवर्षी असाच सरकत येणार, अखेर सगळा तुकडा घेणार, गाव मला भित्रा म्हणत असेल, वडील असते तर त्याची अशी हिंमत झाली नसती, हे घडलेले नाही. ते तुम्ही रचलेले आहे. रचलेले सगळे खोटेच असते असेही नाही, त्यातली पहिली शंका कदाचित खरी ठरेल. परंतु दोन तासांच्या प्रश्नावर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करणे हा उपाय आहे, आणि त्याआधी चुलतभावाच्या ओट्यावर जाऊन चहा घेता घेता सरळ विचारणे हा त्याहून स्वस्त उपाय आहे. ‘गाव काय म्हणत असेल’ यासाठी मात्र कोणत्याच कार्यालयात अर्ज घेत नाहीत.

ही निवड नुसती डोक्यात होत नाही, निदान सुरुवातीला तरी होत नाही. संध्याकाळी जेवणापूर्वी वहीचे एक पान घ्या आणि त्यावर दिवसातली सलणारी गोष्ट विशेषणे न वापरता लिहा. ‘त्याने बेइमानी केली’ असे न लिहिता ‘त्याने दोन तास नांगरले’ असे लिहा. त्याखाली आपण त्यावर काय काय रचले ते लिहा. हे लिहिताना थोडी लाज वाटेल, ती वाटू द्यावी. आणि शेवटी, उद्या आपल्या हातून होण्यासारखे काय आहे, ते एका ओळीत. कर्जाचेही असेच करा. सोसायटीचे किती, कृषी केंद्राचे किती, कोणाचे केव्हा द्यायचे आणि कोणाला थांबवता येते, हे तारखांसह कागदावर आले की विसरण्याच्या भीतीने मनाला ते आकडे रात्री पुन्हा पुन्हा मोजावे लागत नाहीत. कर्ज त्यामुळे एका रुपयानेही कमी होत नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे अनेक घरांत कर्जाचा एकूण आकडा कर्त्या पुरुषाशिवाय दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसतो, आणि तो एकट्याने बाळगण्याचा भार आकड्याहून मोठा होऊन बसतो. म्हणून ते पान घरधनिणीला दाखवा. तिला अंदाज असतोच, फक्त विचारायची तिची हिंमत होत नसते.

रात्री दोन-अडीचला कोणताही हिशेब मांडू नका आणि कोणताही निर्णय घेऊ नका. अर्धवट झोपेतल्या शरीराला त्या वेळी प्रत्येक अडचण दिवसापेक्षा मोठी दिसते. जाग येऊन बराच वेळ गेला तर अंथरुणात तळमळत पडू नये, उठून ओसरीत बसावे, मोबाइल हाती घेऊ नये, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा अधिक वेळ लावावा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून या साध्या कृतीने अंगातली घालमेल उतरते. त्यात चमत्कार काही नाही. डोळे जड झाले की परत अंथरुणावर जावे. निद्रानाशाच्या रोग्यांना डॉक्टर हाच क्रम सांगतात.

बसणेही सोडू नका, फक्त बसण्यापासूनची अपेक्षा बदला. दहा मिनिटे लक्ष श्वासावर ठेवा; ते धुऱ्याकडे गेले की ‘धुऱ्याकडे गेले’ एवढे ओळखा आणि परत आणा. दांडाने पाणी देताना ते जुन्या फुटीकडे ओढ घेते, तुम्ही फावड्याने मातीचे एक ढेकूळ टाकून ते पुन्हा सरीत वळवता आणि पाण्यावर रागावत नाही; मनाच्या बाबतीत एवढाच न्याय लावायचा आहे. शंभर वेळा गेले आणि शंभर वेळा आणले, तर ती बैठक वाया गेली असे समजू नका, कारण परत आणणे हाच त्या बैठकीचा अभ्यास आहे.

एक शंका मात्र बोलून दाखवते, राग मानू नका. तुमच्या मूळ पत्रात कर्जाला चार ओळी आहेत आणि चुलतभावाला दोन पाने. एकाच बंडीत बसून तुम्ही दोघे आठवडी बाजाराला जात होता, हेही त्यात आले आहे. दोन तास जमीन गेल्याचे दुःख अधिक आहे, की त्याने विचारले नाही याचे? हे तुम्हीच स्वतःला विचारून पाहा. उत्तर दुसरे आले तर मोजणीच्या अर्जाआधी ओट्यावरच्या चहाचा मार्ग धरावा, कारण मोजणीने जमीन परत मिळेल, विचारपूस मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या गावात श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज सायंकाळी होते आणि मी लहानपणापासून तिला जात आलो आहे. आता शिकून आलेली काही मुले म्हणतात की, प्रार्थना हे नुसते पाठांतर आहे, खरे चिंतन एकांतातच होते. यात तथ्य आहे काय?
— ज्येष्ठ वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : काकाजी, मुलांच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते अर्धे तुम्ही मोठ्या मनाने मान्य करावे. ओठ प्रार्थना म्हणत आहेत आणि मन उद्याच्या मजुरांचा हिशेब करत आहे, असा अनुभव नसलेला माणूस मंडळात शोधून सापडणार नाही. पण यावरून एकांतच खरा असे ठरत नाही. तुमच्या मंडळाचे संस्थापक राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) गावासाठी सायंकाळची प्रार्थना तेवढी सांगितली नाही, पहाटेचे ध्यानही सांगितले, आणि तेही सामुदायिकच सांगितले. ध्यान म्हणजे डोळे मिटून एकट्याने करायची गोष्ट, असे समजणाऱ्यांनी या योजनेचा जरा विचार करावा. १९३५ साली उभ्या राहिलेल्या गुरुकुंज आश्रमात, मोझरीला, पुण्यतिथीच्या दिवशी जो प्रचंड समुदाय मौन श्रद्धांजलीसाठी स्तब्ध उभा राहतो, त्यात जो एकदा उभा राहिला आहे त्याला गर्दीतही आत पाहता येते हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

एकांतातल्या चिंतनाला एक धोका आहे आणि तो मुलांना अजून दिसलेला नसावा. तेथे माणूस स्वतःच फिर्यादी, स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश असतो, त्यामुळे तो बहुधा निर्दोष सुटतो. किंवा स्वभाव उलट असेल तर प्रत्येक गोष्टीत दोषी ठरतो. दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात आणि ते चुकीचे आहेत हे सांगणारे तेथे दुसरे कोणी नसते. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडले आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारले. उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घ्यायचे ही त्यांची रीत होती. कर्ज काढून लग्नात जेवणावळी का घालता, देवापुढे बकरे का कापता, असे चारचौघांत विचारल्यावर ऐकणाऱ्याला स्वतःकडे पाहण्यावाचून गत्यंतर राहत नसे. आत पाहायला लावण्याची ही सार्वजनिक रीत आपल्या मातीतली आहे, आणि माझ्या मते ती एकांताहून अधिक निर्भीड आहे.

तुमच्या जिल्ह्यातलेच दुसरे उदाहरण द्यायचे तर, १९३६ साली सेवाग्रामला येऊन राहिलेले गांधीजी सोमवारी मौन पाळत आणि अगदी गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून देत. पण सकाळ-सायंकाळची सर्वांसोबतची प्रार्थना त्यांनी त्या मौनासाठी सोडली नाही. मुलांना वादात हरवण्याऐवजी मंडळात एक बदल सुचवून पाहा. प्रार्थना संपल्यावर लगेच चपला न शोधता सर्वांनी पाच मिनिटे गप्प बसावे आणि आज आपण कोणाशी कसे बोललो, एवढेच प्रत्येकाने आठवावे. मुले त्या पाच मिनिटांसाठी आली तरी चालेल. पुढे प्रार्थनेला लवकर यायचे की नाही ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : मी पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेसाठी रोज गावाहून तालुक्याच्या अभ्यासिकेत जातो. पुस्तक उघडले की थोड्याच वेळात हात मोबाइलकडे जातो. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आल्यास एकाग्रता वाढेल काय? आधी शिबिर करावे की परीक्षा?
— विद्यार्थी, वाशीम जिल्हा

उत्तर : आधी परीक्षा दे. शिबिर चांगले आहे, पण ते काय आहे हे समजून घेऊन जा. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून १९६९ साली ही साधना भारतात आणली आणि इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून चालू आहे. नागपूरजवळही केंद्र आहे. पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे जवळजवळ दहा तास बसणे असते, मोबाइल पहिल्याच दिवशी जमा होतो, शेवटच्या दिवसापर्यंत एकमेकांशी बोलायचे नसते, पहिले तीन दिवस केवळ श्वास पाहायचा असतो आणि चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना. शुल्क नाही; आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर ते चालते. जो अभ्यासापासून पळून तेथे जाईल, त्याला परत आल्यावर तोच अभ्यास तेथेच वाट पाहत असलेला दिसेल, आणि दहा दिवस मागे पडल्याची धास्ती वेगळी.

तोवर अभ्यासिकेत एक कर. हात मोबाइलकडे जाण्याच्या आधीच्या क्षणाकडे लक्ष दे. बहुतेक वेळा त्या क्षणी पुस्तकात काहीतरी अडलेले असते : गणिताची एक पायरी, न समजलेले एखादे कलम. म्हणजे कंटाळा मुळात नसतो, आपल्याला येत नाही याची लहानशी भीती असते आणि मोबाइल तिच्यावर पांघरूण घालतो. जे अडले ते समासात लिहून पुढे जा, मोबाइल घरी ठेवून ये किंवा ग्रंथपालांकडे दे. शिबिराचा विचार निकालानंतर. आणि निकाल विरुद्ध गेला तर त्याच आठवड्यात नको, थोडे स्थिरावल्यावर.

प्रश्न : ताई, मी अंगणवाडी सेविका आहे. पहाटे साडेचारला उठते. स्वयंपाक, धुणी-भांडी, जनावरांचे शेण, मग अंगणवाडी, रजिस्टरे, मोबाइलवर नोंदी, गृहभेटी, परत स्वयंपाक. संध्याकाळी मुलांवर विनाकारण ओरडते आणि मग रात्री वाईट वाटते. तुमच्या मासिकात वाचते की रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा. घरात दार लावून बसले तर सासूबाई विचारतील, बरे नाही काय? आत्मचिंतन हे रिकाम्या माणसांचे काम आहे असे मला वाटू लागले आहे. माझे चूक आहे काय?
— अंगणवाडी सेविका, अकोला जिल्हा

उत्तर : ताई, ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे वाक्य लिहिणाऱ्यांच्या घरी शेण कोण काढते, ही शंका मलाही पुष्कळदा येते. तुमचा राग योग्य आहे. मात्र त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. बंद दार आणि आसन हे आत पाहण्याचे एक साधन आहे, अट नव्हे. बौद्ध परंपरेतल्या सतिपट्ठान सुत्तात साधकाला श्वासाबरोबरच चालणे, उभे राहणे, बसणे आणि पडणे या चारही स्थितींची जाण ठेवायला सांगितले आहे. चालणारा ‘मी चालतो आहे’ हे जाणतो, एवढा साधा त्याचा प्रारंभ आहे. पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबांनी १९५९ साली स्त्रियांच्या साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले, तेव्हा स्वयंपाक, सफाई आणि शेती ही कामे साधनेच्या बाहेर ठेवली नाहीत. तेथील भगिनी ती स्वतः करतात. अर्थात त्यांनी ते जीवन निवडलेले आहे आणि कामे आपसांत वाटून घेतलेली आहेत. तुमचे तसे नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. त्याकडे पुढे येते.

आधी संध्याकाळचे पाहू. घरापासून अंगणवाडीपर्यंतचे चालणे तुमच्या दिवसातले बहुधा एकमेव असे अंतर आहे, जेथे कोणी तुम्हाला हाक मारत नाही. ते मोबाइल कानाला न लावता चाला आणि परतताना स्वतःला एवढेच विचारा, की आता माझ्या अंगात काय आहे : थकवा, भूक, राग, की कोणाच्या बोलण्याचा काटा? उत्तर सुंदर असण्याची गरज नाही. पुष्कळ बायकांना या प्रश्नाचे उत्तर ‘भूक’ असे मिळते. सकाळी सगळ्यांना वाढून घाईत दोन घास खाल्लेले असतात, दुपारी मुलांचा आहार वाटताना स्वतःचा डबा तसाच राहतो आणि रात्री पुन्हा सगळ्यांच्या शेवटी पान वाढून घ्यायचे असते. त्या पोटावर सातच्या सुमारास मुलाने पेन हरवल्याचे सांगितले की आवाज चढतो. त्याला तुम्ही रात्री ‘माझा स्वभाव वाईट झाला’ असे नाव देता. स्वभावाचा येथे संबंध फार थोडा आहे. घरी पोचल्यावर चुलीकडे वळण्याआधी गूळ-शेंगदाणे खाऊन, पाणी पिऊन पाहा. हे अध्यात्म नाही असे कोणी म्हणेल तर म्हणू द्या.

मुलांवर ओरडून झालेच, तर रात्रभर स्वतःला बोल लावण्यापेक्षा झोपण्यापूर्वी त्या मुलाला सांगा, ‘मी थकले होते, पेन हरवणे एवढे मोठे नव्हते.’ मुलांना हे समजते. पश्चात्तापाचा उपयोग एवढाच, की त्यातून असे एखादे वाक्य निघावे. ते निघाल्यावर त्याला झोपू द्यावे आणि आपणही झोपावे.

आता तो फरक. तुमच्या पत्रातल्या कामांची यादी मी दोनदा वाचली आणि तीत घरातल्या इतर मोठ्या माणसांच्या नावावर एकही काम मला सापडले नाही. स्वतःच्या आत कितीही प्रामाणिकपणे पाहिले तरी या गोष्टीचे कारण तेथे मिळणार नाही, कारण ते तेथे नाहीच. आत्मचिंतनाने स्त्री अधिक सोशिक व्हावी अशी अपेक्षा करणारे लोक पुष्कळ आहेत, आणि त्यांना ते फार सोयीचे जाते. खऱ्या चिंतनातून तुम्हाला कदाचित असे स्पष्ट दिसेल की, तुम्ही रागावलेल्या आहात मुलांवर नव्हे, आणि ज्यांच्यावर रागावलेल्या आहात त्यांच्याशी गेल्या कित्येक वर्षांत या विषयावर एक वाक्यही बोललेल्या नाहीत. ते वाक्य भांडणाचे असू नये, नेमके असावे. ‘तुम्ही मला मदत करत नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘उद्यापासून सकाळचे शेण आणि पाणी तुम्ही पाहा’ असे म्हणावे. पहिल्याला उत्तर म्हणून वाद मिळतो, दुसऱ्याला होकार किंवा नकार तरी मिळतो. ते बोलण्यासाठी रविवारची दुपार निवडा. आणि सासूबाईंनी ‘बरे नाही काय?’ असे विचारलेच, तर त्यांनाही दहा मिनिटे शेजारी बसवून घ्या. त्यांनी त्यांच्या तरुणपणी हे सगळे करताना कोणी विचारपूस केली होती काय, असे विचारून पाहा; त्या काय सांगतात ते मला अवश्य कळवा.

प्रश्न : ताई, माझे पती पूर्वी खूप बोलके होते. सोयाबीन हातचे गेल्यापासून तासन्‌तास ओसरीवर एकटे बसून राहतात. जेवण कमी झाले, झोप नाही, बैलांकडेही लक्ष नाही. परवा म्हणाले, ‘माझ्यामागे तुम्ही तरी सुखात राहाल.’ सासूबाई म्हणतात, तो अंतर्मुख झाला आहे, चिंतन करतो आहे, त्याला त्रास देऊ नकोस. मी काय करावे?
— एक भगिनी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : ताई, अंक निघेपर्यंत थांबण्यासारखे हे पत्र नव्हते, म्हणून तुम्हाला लगेच स्वतंत्रपणे कळवले आहे, अशा परिस्थितीत असलेल्या इतर घरांसाठी तेच येथे देते.

हे चिंतन नव्हे, हा आजार असण्याचा संभव फार मोठा आहे. चिंतन करणारा माणूस गप्प बसतो, पण उठल्यावर जेवतो, जनावरांना चारा टाकतो, हाक मारली तर ओ देतो. भूक, झोप आणि जिवाभावाच्या कामातला रस हे तिन्ही एकदम जाऊन काही आठवडे परत येत नाहीत आणि त्यातच ‘माझ्यामागे’ अशी भाषा येते, तेव्हा त्याला वैराग्य समजून सोडून देणे धोक्याचे आहे. त्यांच्याजवळ बसून सरळ विचारा, ‘जीव देण्याचे मनात येते काय?’ असे विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत खरी नाही. उलट कोणीतरी विचारले याने माणसाला बोलायची वाट मिळते. उत्तर काहीही आले तरी उपदेश करू नका, ‘लोकांचे याहून वाईट झाले’ असे म्हणू नका, ऐकून घ्या.

फवारणीची औषधे घरात, गोठ्यात किंवा वावरातल्या झोपडीत असतील तर ती आजच दुसऱ्याच्या घरी, कुलपात हलवा. टोकाचा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो आणि त्या थोड्या वेळात हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असते. त्यांना काही दिवस एकटे वावरात, जागलीलाही, जाऊ देऊ नका. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा २०२२ सालापासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही, आणि रोग्याने बोलायला नकार दिला तर तुम्ही स्वतः बोलून काय करावे ते विचारू शकता. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात. त्यांनी औषध दिले तर त्याचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्याआधी ‘फरक नाही’ म्हणून ते बंद करायचे नसते, आणि बरे वाटू लागल्यावरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायचे नसते.

त्यांना आत्ता डोळे मिटून बसायला सांगू नका. या अवस्थेत आत पाहू लागलेल्या माणसाला स्वतःचे दोषच दिसत राहतात आणि ते दोष त्याला खरे वाटतात. पुढे उपचार लागू पडल्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवता येईल. सासूबाईंना समजावताना त्यांच्या म्हणण्याला खोटे पाडू नका. ‘चिंतन करतात तर करू द्या, पण भूक का लागत नाही ते डॉक्टरांना विचारून येऊ’ असे म्हटले तर त्या अडवणार नाहीत. पहिल्या भेटीला पतींना एकट्याने पाठवू नका, गावातल्या आशाताईंना घेऊन तुम्ही सोबत जा, आणि झोप व जेवण केव्हापासून बिघडले, परवा ते काय बोलले, हे सगळे कागदावर लिहून न्या. कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते ‘काही नाही, जरा अशक्तपणा आहे’ एवढेच सांगतील.